सीएसएमटी ते गेटवे: पुतळे, कारंजी, स्मारकं पाहत चालायचं तर क्रम कसा ठेवावा?

पायवाट
फोर्टमधले जुने पुतळे, कारंजी आणि स्मारकं गाईड न घेता पायी पाहायची आहेत. सुरुवात सीएसएमटी, शेवट गेटवे, एवढंच ठरलंय. हाताशी अर्धा दिवस. सोबत सत्तरी ओलांडलेले काका आहेत. सपाट रस्त्यावर ते चांगले चालतात, पण जिने जड जातात. सकाळी जावं की दुपारी? वाटेत हमखास काय सुटतं? आणि इंग्रजी राजाराण्यांचे पुतळे आता नेमके कुठे आहेत? काळ्या घोड्याच्या फोटोत जो घोडा दिसतो त्यावर स्वारच नाही.

चिरेबंदी
दुपारी जा. रस्ते रिकामे असतात म्हणून बहुतेक जण रविवार सकाळ सुचवतात, आणि गर्दीपुरतं ते खरंही आहे. पण फोर्टच्या बड्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि एस्प्लनेड या मोकळ्या मैदानाच्या कडेने, समुद्राकडे तोंड करून नव्या इमारती उभ्या राहिल्या. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. मग शिखरावरच्या मूर्ती म्हणजे उजळ आभाळावरच्या नुसत्या काळ्या आकृत्या. चेहरा, हातातली वस्तू, वस्त्राच्या चुण्या काही कळत नाही. दुपारी तीननंतर तोच दगड समोरून उजळतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवारी अडीचला सीएसएमटीला सुरुवात करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेपाचच्या आत ओव्हल मैदानाला पोहोचायला हवं. वळसे धरून अंतर साधारण चार किलोमीटर.

सीएसएमटी समोरच्या फुटपाथवरून पाहा, अगदी खाली उभं राहून घुमट दिसत नाही. घुमटावरची स्त्रीमूर्ती म्हणजे 'प्रगती': उजव्या हातात मशाल, डावा हात आऱ्यांच्या चाकावर. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय शोधा. आठ पटींची साधी दुर्बीण जवळ ठेवा, या फेरीत कॅमेऱ्याहून तीच जास्त कामाला येते. महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, १९२३ चा, शिल्पकार डरवेंट वुड यांचा. रस्ता ओलांडायला सबवे आहे, पण त्याला जिने आहेत. काकांना घेऊन सिग्नलवरूनच जा, दोन वेळा थांबावं लागलं तरी चालेल.

हमखास सुटतात त्या दोन गोष्टी इथून पुढे आहेत. जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, बाजूला मिंट रोडवर मुळजी जेठा कारंजं आहे. रतनसी मुळजी जेठा यांनी आपल्या एकुलत्या एक मुलाच्या, धरमसीच्या, आठवणीसाठी ते बांधलं. रचना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि जॉन ग्रिफिथ्स यांची. स्टीव्हन्स म्हणजे सीएसएमटीचेच वास्तुकार, आणि ग्रिफिथ्स यांच्या हाताखालच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथलं बरंच कोरीवकाम केलं. म्हणून सीएसएमटीनंतर लगेच हे पाहावं, प्राण्यापक्ष्यांच्या कोरणीतला सारखेपणा तेव्हाच लक्षात येतो. एक चक्कर पूर्ण मारा, प्राणी चारही बाजूंना आहेत. दुसरी गोष्ट पेरिन नरिमन स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या बझारगेटला: बोमनजी होरमसजी वाडियांच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून उभा राहिलेला १८८२ चा घड्याळाचा मनोरा, जुन्या इराणी शैलीतला. वाहनं आणि हातगाड्यांच्या गराड्यात तो असतो, त्यामुळे लोक शेजारून निघून जातात.

तिथून हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमस कॅथीड्रल, हुतात्मा चौक. मग वीर नरिमन रोडने पश्चिमेला ओव्हलच्या कोपऱ्यापर्यंत आणि भाऊराव पाटील मार्गाने दक्षिणेला. हायकोर्टाच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या समाजांच्या २४ मूर्ती आहेत. विद्यापीठाच्या आवारात सहसा सोडत नाहीत, पण त्याने अडत नाही. ओव्हलच्या कुंपणालगत उभं राहून दुर्बिणीतून पगड्यांचे प्रकारसुद्धा ओळखता येतात. त्यानंतर पूर्वेला वळून काळा घोडा, मग वेलिंग्टन कारंजं, शेवटी गेटवे.

ट्रायपॉड नेऊ नका, सुरक्षारक्षक हटकतात. काळा घोडा ते हॉर्निमन सर्कल या पट्ट्यात नौदलाची गोदी आहे, तिच्या दिशेने कॅमेरा धरायचा नाही. गेटवेला सामानाची तपासणी होते, रांगेसाठी वीस मिनिटं हाताशी ठेवा.

पंचधातू
क्रम पटला. फक्त हुतात्मा चौकाला जास्त वेळ द्या, पाच मिनिटांत उरकू नका. एकाच चौकात दोन वेगळ्या काळांतली, वेगळ्या हेतूंची कामं शेजारी उभी आहेत. फ्लोरा कारंजं १८६४ चं, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचं. ते बसवायचं होतं भायखळ्याच्या राणीच्या बागेत. आलं इथे, किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता त्या जागी. दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा चुनखडी दगड. आपल्या बेसॉल्टच्या मानाने तो मऊ, म्हणून बारीक काम होतं, पण खारट दमट हवेत झिजतो. त्यावर कधीकाळी तैलरंगाचे थर चढवले गेले आणि नुकसान वाढलं, कारण रंगाखाली ओल कोंडते आणि क्षार पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत ते थर उतरवले. जवळून पाहिलंत तर कुठे मूळची धार टिकली आहे आणि कुठे कडा गोल झाल्या आहेत हे डोळ्यांना कळतं.

शेजारी हुतात्मा स्मारक: शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून धरलेली मशाल. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर याच चौकात गोळीबार झाला. नावांचा फलक सावकाश वाचा. काकांच्या पिढीला या चौकाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असेल, त्यांनाच बोलू द्या. २१ नोव्हेंबर आणि १ मेला इथे मानवंदना असते. त्या दिवशी जायचं तर आदरांजलीसाठी जा, निरीक्षणासाठी दुसरा दिवस घ्या.

पुतळा कसा वाचायचा याबद्दल थोडं. शिल्पकाराचं नाव चौथऱ्यावर सापडेलच असं नाही. ब्राँझमध्ये ते बहुधा पायाखालच्या ओतीव तबकडीच्या कडेवर, मागच्या किंवा बाजूच्या अंगाला असतं. समोरच्या फलकावरची तारीख अनावरणाची असते, कधी तर फक्त नूतनीकरणाची. घडवल्याचं साल वेगळं असू शकतं. संगमरवरातली अक्षरं शिसं भरून केलेली असतील तर शिसं गळून नुसती भोकं उरतात. अशा वेळी मोबाइलची बॅटरी समोरून न मारता दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. सावल्या पडतात आणि मजकूर उमटतो.

घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी, दोन वर म्हणजे रणात पडला, हे सर्रास सांगितलं जातं. असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत नाहीत. ब्राँझचा घोडा आतून पोकळ असतो आणि सगळा भार पायांतल्या लोखंडी किंवा पोलादी सांगाड्यावर येतो. किती पाय उचलायचे हे तोलावर ठरतं. दोन उचलले तर बऱ्याचदा शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार करतात. गेटवेसमोरच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती फिरताना भार कुठून कुठे उतरवलाय ते पाहा. त्याचं अनावरण २६ जानेवारी १९६१ चं.

शेवंती
राजाराण्यांच्या प्रश्नाचं उत्तर: भायखळा. तुम्हाला दिसलेला बिनस्वाराचा घोडा २०१७ चा आहे. मूळ काळा घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड, याचा जोसेफ एडगर बोहमने केलेला अश्वारूढ ब्राँझ पुतळा. त्याच्या १८७५-७६ च्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससूनने तो करवून घेतला आणि १८७९ मध्ये बसवला. १९६५ मध्ये तो हलवला, आता जिजामाता उद्यानात आहे.

तिथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बाकीचे आहेत. व्हिक्टोरिया राणीचा बसलेला संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबलचा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली हे गव्हर्नर जनरलही तिथेच. काहींची नाकं, हात, डोकी तुटलेली आहेत. ती हवामानाची झीज समजू नका, तो घावही त्या पुतळ्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. आणि घारापुरीचा दगडी हत्ती चुकवू नका. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा क्रेनची साखळी तुटून तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडले. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो हाच.

भायखळा त्याच दिवशी जोडू नका, तीन तास चालून झाल्यावर तिथे काहीच नीट पाहिलं जात नाही. बुधवारी उद्यान आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडा, दहाएक मिनिटांची चाल आहे.

पायवाट
खूप मोलाची माहिती, आभार. अजून एक: हॉर्निमन सर्कलजवळ टाउन हॉलमध्ये एशियाटिकचं ग्रंथालय आहे, त्याच्या पायऱ्या काकांना जमणार नाहीत. आतलं काय हुकेल?

चिरेबंदी
पायऱ्या ३० आहेत, सलग. टाउन हॉलच्या आत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम यांचे पूर्णाकृती संगमरवरी पुतळे आहेत. छपराखाली राहिल्यामुळे त्यांची पॉलिश अजून टिकून आहे, उघड्यावरच्या संगमरवराशी तुलना करायला उत्तम. तुम्ही एकटे जाऊन या, पण ते चालतं ग्रंथालय आहे: कामाचा दिवस आहे ना हे आधी फोनवर विचारा, आणि फोटोला परवानगी घ्या.

काकांना तेवढा वेळ हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसवा आणि नंतर दोघं मिळून सेंट थॉमसला जा. १७१८ चं चर्च, भिंतीभर स्मृतिशिल्पं. त्यांतलं गव्हर्नर जोनाथन डंकनचं नक्की शोधा. शिल्पात दोन लहान मुलं दिसतील आणि सोबत बनारस व काठेवाडातली बालहत्या थांबवल्याची नोंद. मुलींना जन्मतःच मारण्याच्या प्रथेविरुद्ध त्याने केलेल्या कामाचा तो संदर्भ आहे. बाहेरचं कारंजं गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याचं, कावसजी जहांगीर रेडीमनींच्या देणगीतलं. राजाबाई टॉवरचा आराखडाही स्कॉटचाच. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. आणि आतलं आधी उरका, कारंजं नंतर, कारण संध्याकाळी दार बंद झाल्यावरही कारंजं रस्त्यावरून दिसतं.