दीर्घकालीन फॉस्टर केअर: मूल परत जाऊ शकते हे ठाऊक असताना त्याला घरात कसे रुजवावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझे वय बेचाळीस आहे आणि आमची मुलगी आठवीत शिकते. मूल दत्तक घेण्याचा नव्हे, तर फॉस्टर पालक (सरकारी मराठीत ‘प्रतिपालक’), म्हणजे मूल कायद्याने आपले न होता त्याला घरी सांभाळणारे, होण्याचा विचार आम्ही गेले वर्षभर करीत आहोत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज केला असून समाजसेविका दोनदा घरी येऊन सर्वांशी बोलून गेल्या आहेत. बालगृहातील नऊ वर्षांच्या एका मुलीचा आमच्यासाठी विचार चालू आहे. तिची आई हयात आहे, परंतु तिला सांभाळण्याच्या स्थितीत नाही.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे, की परक्याचे पोर वाढवायचे आणि उद्या आई न्यायला आली की डोळे पुसत बसायचे, हा उद्योग सांगितलाय कोणी? मी त्यांना उत्तर दिले खरे, पण रात्री तोच प्रश्न मलाही छळतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांच्याकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मूल कायमचे आपले नाही हे मनाशी ठेवून त्याला आपलेपणाने कसे वाढवायचे? आणि घरातल्या आपल्या मुलीचे काय होते?

सुलभा_सांगली

आमच्याकडे मुलगा आला तेव्हा आठ वर्षांचा होता, आता पंधरावे चालू आहे. पहिल्या दिवसाचे सांगते. जेवण झाल्यावर त्याने स्वतःची ताटली घासली, पालथी घातली आणि मला विचारले, “माझा नंबर किती?” आधी मला अर्थच लागला नाही. तो राहत होता त्या ठिकाणी ताटली, टॉवेल, अंथरूण सगळ्यांवर रंगाने आकडे घातलेले असत. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची पद्धत आहेच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने मशीन हातात घेऊन सहज विचारले, “आडनाव कोणतं घालू?” मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि मी दुकानदाराकडे. शेवटी नुसते नाव घातले. ती ताटली अजून वापरात आहे, आणि आडनावाचा तो प्रश्न पुढे शाळेत, दवाखान्यात, बँकेत, जिथे गेलो तिथे आम्हांला भेटत राहिला.

त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला त्या रात्री दवाखान्यात संमतीपत्रावर आईवडिलांचीच सही हवी म्हणून अडून बसले. मुलाला आमच्याकडे सोपवणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत घरी कपाटात होती; यजमान ती घेऊन येईपर्यंतचा पाऊण तास मी विसरलेले नाही. तेव्हा त्या आदेशाच्या चार प्रती काढून एक कायम पर्समध्ये ठेवा. अनुदानही दरमहा ठरल्या तारखेला येईल असे धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नका. आम्हांला ते अनेकदा काही महिन्यांचे एकदम मिळाले.

खरी परीक्षा असते ती भेटींची. आईशी त्याच्या भेटी सुरू झाल्या, तेव्हा प्रत्येक भेटीनंतर दोन दिवस तो अंथरूण ओले करी, ताटावरून उठून जाई. या भेटी बंदच कराव्यात असे मी समाजसेविकेला सांगितले, आणि आज त्याची मला लाज वाटते. त्यांनी शांतपणे विचारले, “त्रास त्याला भेटल्यामुळे होतो, की निघून यावं लागतं म्हणून?” त्यानंतर भेटीच्या दिवशी मी काहीही न विचारता त्याच्या आवडीची खिचडी करून ठेवू लागले. तिसऱ्या वर्षी कधीतरी तो म्हणाला, “आमच्याकडे पोह्यांत बटाटा घालतात.” हे ‘आमच्याकडे’ म्हणजे त्याच्या आईकडे, की आमच्या घरी, ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही. आमच्याही पोह्यांत बटाटा असतो.

तुमच्या मुलीबद्दल एवढेच सांगते, की तिला ‘तू मोठी आहेस, समजून घे’ असे कधी म्हणू नका. माझा थोरला मुलगा त्या एका वाक्यामुळे सहा महिने माझ्याशी धड बोलत नव्हता. आठवड्यातून एक संध्याकाळ मी केवळ त्याच्यासाठी राखून ठेवली, तेव्हा कुठे तो निवळला.

माजी_समिती_सदस्य

सुलभाताईंनी अनुभव सांगितला आहे, मी केवळ कायद्याची बाजू मांडतो, कारण यात बऱ्याच जणांची गल्लत होते. फॉस्टर केअरची तरतूद 2015च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 44मध्ये आहे. त्यात मुलाच्या शिक्षणाची, आरोग्याची व पोषणाची जबाबदारी फॉस्टर कुटुंबावर टाकली आहे. समितीने दरमहा पाहणी करणे अपेक्षित आहे. आणि मुलाच्या हिताला बाधा येणार नसेल, तर जन्मदात्यांना भेटीची मुभा आहे. ते सांभाळण्यास समर्थ झाले आहेत असे समितीला वाटल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली दरमहा 4000 रुपये मिळतात. राज्याच्या बालसंगोपन योजनेतील 2250 रुपयांशी कृपया याची सरमिसळ करू नये, कारण ते साहाय्य प्रामुख्याने एक पालक असलेल्या किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिळते.

2024च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार, मूल कायदेशीररीत्या दत्तकमुक्त (म्हणजे दत्तक देण्यास मोकळे) असल्यास, दोन वर्षांच्या सांभाळानंतर त्याच कुटुंबाला त्याला दत्तक घेता येते; पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. परंतु आई हयात असून तिने हक्क सोडलेला नसेल, तर मूल दत्तकमुक्त ठरणे दुरापास्त असते. म्हणून दत्तकाची आशा पोटात ठेवून या मार्गाला येऊ नये, असे मी प्रत्येक जोडप्याला तोंडावर सांगत असे. काही रागावून निघून जात. ते बरेच होई, कारण आईची प्रत्येक भेट त्यांना संकट वाटली असती आणि ते मुलाच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसते.

लेस्टरकर

आम्ही इंग्लंडमध्ये गेली अकरा वर्षे फॉस्टर पालक आहोत. इथे मोबदला आणि प्रशिक्षण नियमित आहे, तरी केस कापण्यापासून सहलीपर्यंत कोणता निर्णय आम्ही घ्यायचा आणि कोणता नाही, हे आधी लिहून ठरवावे लागते. एक सोय मात्र मोलाची आहे. 2014च्या कायद्यामुळे दोन्ही बाजूंची इच्छा असल्यास मूल अठरानंतरही एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहू शकते. भारतात अठरानंतर एकविसापर्यंत अनुरक्षणाची (संस्थेबाहेर पडल्यावर मिळणाऱ्या आधाराची) तरतूद आहे, पण त्याच घरात राहण्याबद्दल तुम्ही आपसांत काय ठरवता, ते मुलीला सोळाव्या वर्षीच सांगा. आमच्याकडच्या मोठ्या मुलाने अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री बॅग भरून दाराशी ठेवली होती, कारण आम्ही त्याला राहायला सांगणार आहोत, हे त्याला सांगायचेच आमच्याकडून राहून गेले होते.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. सुलभाताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, की त्या मुलीला तिखट चालते का. पुढच्या मंगळवारी पहिली भेट आहे. तिच्या आईबद्दल आमच्या मुलीला किती सांगावे, एवढे कोणी सांगू शकेल का?

सुलभा_सांगली

आई आहे, आजारी असेल तर आजारी आहे, आणि ती भेटायला येईल, एवढेच सांगा. बाकीचे ती मुलगी स्वतः सांगेल, बहुधा तुमच्या आधी तुमच्या मुलीलाच.