तारा बसवलेल्या दातांवर बॉक्सिंगचं माउथगार्ड कोणतं घ्यावं?

विश्रामबागची आई:
लेक तेरा वर्षांची. इथं सांगलीत बॉक्सिंगला जाते. सरांनी सांगितलंय, माउथगार्ड आणल्याशिवाय स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं करणार नाही. अडचण अशी की दिवाळीनंतर तिच्या वरच्या दातांना तारा बसवल्यात. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक पाकिटातून काढून थेट तोंडात घालायचं, दुसरं गरम पाण्यात मऊ करून चावायचं. ‘सगळे दुसरंच नेतात’ म्हणाला. तारांवर ते चालेल का? आणि धुवायचं कसं? सासूबाई म्हणतात रोज उकळून घे.

जुना पंच, सातारा:
ताई, आधी सासूबाईंना थांबवा. जे गरम पाण्यात मऊ होऊन दातांवर बसतं, ते रोज उकळलं तर आकार सोडून देणारच. सरावानंतर लगेच गार पाण्याखाली धरा, मऊ ब्रश आणि थोड्या साध्या साबणानं घासा, नीट खळखळून धुवा आणि पुरतं वाळू द्या. पेस्ट नको, तिनं बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. डबी भोकं असलेली घ्या. आमची पोरं ओलं गार्ड तसंच रुमालात गुंडाळून ग्लोव्हजमध्ये कोंबतात आणि मग वास येतो म्हणून तोंडात घालत नाहीत. गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका. एप्रिलमधलं सांगलीचं ऊन त्याला पुरेसं आहे. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर. का ते विचारू नका.

थेट घालायचं जे असतं ते मी कुणालाच सुचवत नाही. ते दात आवळून धरून ठेवावं लागतं, मग पोरगी श्वास घेणार की ठोसा मारणार? तोंड उघडल्यावर वरच्या दातांवरून खाली पडलं नाही पाहिजे, ही पहिली परीक्षा. दुसरी माझी घरगुती: गार्ड घालून ‘सांगली, मिरज, कुपवाड’ म्हणायला लावा. समोरच्याला कळलं तर ठीक. मागची कड टाळूपाशी टोचून उबळ येत असेल तर ते नीट बसलेलं नाही.

तारांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, त्यात मी पडत नाही.

तालीमवाला:
आमच्या वेळी कुस्तीत असलं काही नव्हतं. दोन दात गेले, काय बिघडलं?

दातांची डॉक्टर, मिरज:
दोन दात गेले हेच बिघडलं की हो, दादा. तेरा वर्षांच्या मुलीचा पुढचा पक्का दात गेला तर जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांटसुद्धा बसवत नाहीत. तोवर तात्पुरत्या दातावर भागवायचं.

ताई, चावून बसवायचं साधं गार्ड तारांवर नको. मऊ झालेलं प्लास्टिक ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, खाचांत शिरून घट्ट होतं, काढताना ब्रॅकेट निघू शकतं. शिवाय दात सरकवायचे म्हणून तारा लावल्या, आणि ते गार्ड दात होते तिथंच पकडून ठेवणार. तारांसाठी सिलिकॉनचं वेगळं गार्ड मिळतं. ते गरम करायचं नसतं, आतून तारेपुरती जागा सोडलेली असते, दात सरकले तरी काही काळ चालतं. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या डॉक्टरांकडून करून घेणं. दातांचं माप घेऊन साच्यावर ब्रॅकेटच्या जागी मेण किंवा तसंच काही लावून पोकळी ठेवतात आणि त्यावर प्लास्टिकची मऊ केलेली शीट ओढतात. बसतं ते छान, पण दात सरकले की सैल किंवा घट्ट होतं आणि पुन्हा करावं लागतं. तुमच्या जागी मी आत्ता सिलिकॉनचं घेतलं असतं आणि तारा निघाल्यावर मापाचं करून घेतलं असतं. तारेच्या प्रत्येक तपासणीला गार्ड सोबत न्या. चावून चावून पातळ झालं, चिरलं की टाकून द्या.

तारा असताना गार्ड नसेल तर ठोशानं ओठ आतून फाटतो, हे मी नेहमी बघते. आणि समजा पक्का दात मुळासकट निघालाच, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा. माती लागली असेल तर दुधानं किंवा पाण्यानं हलकं धुवून जमलं तर लगेच त्याच जागी बसवा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठा. घासायचं नाही, कोरड्या रुमालात गुंडाळायचं नाही.

विश्रामबागची आई:
सिलिकॉनचंच बघते. तिला लाल रंगाचं हवंय, चालेल ना? आणि गार्ड घातलं की डोक्याला मार लागणार नाही ना?

जुना पंच, सातारा:
लाल नको. स्पर्धेत लाल किंवा लालसर गार्ड चालत नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर रेफरीला कळत नाही. निळं, काळं, पांढरं काहीही घ्या. डोक्याचं म्हणाल तर गार्ड दात, ओठ, जीभ वाचवतं. मेंदूला हादरा बसणार नाही याची हमी ते देत नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, उलटीसारखं होतंय असं ती म्हणाली तर त्या दिवशी पुन्हा रिंगणात नाही. आधी डॉक्टर, सर काहीही म्हणोत.

दातांची डॉक्टर, मिरज:
आणि तारा आहेत तोवर तिचं भडंग बंद, हे तिला माझ्या नावानं सांगा.