मदत हवी आहे : नोकरी सांभाळून सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र) कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, नऊ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतेय. दोन वर्षांपासून कोंढव्यातल्या तीन येमेनी मुलांची शिकवणीही घेते. त्यांना मराठी-हिंदी येत नाही, त्यामुळे ‘आय लिव्ह्ड’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड’मधला फरक इंग्रजीतूनच उलगडावा लागतो. इथे मी अडते, आणि हे मला नीट शिकायचंय.

मागच्या वर्षी एक १२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला. नुसते व्हिडिओ आणि प्रश्नमंजुषा! माझा एकही तास कुणी पाहिला नाही. केंब्रिजच्या सेल्टालाही किमान १२० तासच लागतात, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावं लागतं, प्रशिक्षक ते बघून चुका सांगतात. मला तेच हवंय.

पूर्णवेळ चार-पाच आठवडे काढणं शक्य नाही, घरी सासूबाई आजारी असतात. अर्धवेळ ऑनलाइन कुणी केलंय का? चार लेखी असाइनमेंट्स धरून आठवड्याला किती तास जातात? आणि त्याआधी सरावासाठी पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटच्या (जिथे परदेशी भाषा शिकवतात) आसपास इंग्रजी शिकू पाहणारे परदेशी विद्यार्थी भेटतील का? फी घेणार नाही. स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.