जीएने (जिबरेलिक ॲसिडने) घडाचा देठ लांबतो, तेव्हा पेशीभित्तिकेत नेमके काय घडते?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड):
ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी रंगाचे असताना आम्ही 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) जीए हे वाढीचे संप्रेरक फवारतो आणि थोड्याच दिवसांत देठ लांबून पाकळ्या (घडाच्या उपशाखा) सुट्या होतात. उलट एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक) दिले, की काडीचे पेरे आखूड राहतात. पण सेल्युलोजची टणक भित्तिका न फाटता ताणली कशी जाते? फवारणीच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून आपण सामू (पीएच) उतरवतो, तो याचसाठी का?

उत्तर (वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक):
पेशीतील पाण्याचा दाब भित्तिकेला आतून सतत रेटत असतो. संप्रेरक हा दाब वाढवत नाही, भित्तिकेचा विरोध कमी करते. ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकामुळे पेशीपटलातील पंप भित्तिकेत प्रोटॉन (हायड्रोजनचे धन आयन) सोडतात, तेथील सामू पाचाच्या आसपास उतरतो आणि त्या आम्लात एक्स्पान्सिन नावाची प्रथिने सेल्युलोजचे तंतू व त्यांना जोडणारे हेमिसेल्युलोज यांची पकड सैल करतात, त्यामुळे तंतू न तुटता सरकतात. 1992 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काकडीच्या रोपांची कोवळी खोडे गोठवून पेशी मारल्या, तरी त्यांच्या भित्तिका आम्लात ताणल्या गेल्या; उकळल्यावर मात्र त्या ताणेनात, आणि भित्तिकेतूनच वेगळी केलेली प्रथिने परत घालताच पुन्हा लांबू लागल्या. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो. खोड फुगण्याऐवजी लांबते, कारण हे तंतू पिंपाच्या लोखंडी पट्ट्यांप्रमाणे आडवे गुंडाळलेले असतात. भित्तिका ताणत असताना पेशी नवे सेल्युलोज विणत राहते, म्हणूनच ती पातळ होऊन फाटत नाही.

उत्तर (कृषी पदवीधर):
सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. जीएचा मार्ग ऑक्सिनपेक्षा वेगळा आहे. वाढ रोखून धरणारी डेला प्रथिने जीएमुळे नष्ट होतात, आणि मग पेशींची संख्या व लांबी दोन्ही वाढतात. जीएमुळेही भित्तिका सैल होते, पण ती आम्ल होण्यावर हा परिणाम अवलंबून नसतो. सीसीसी वेलीतच जीए तयार होण्याची सुरुवातीची पायरी अडवते, म्हणून पेरे आखूड राहतात. सायट्रिक ॲसिडचा भित्तिकेशी संबंध नाही: विहिरीचे किंवा बोअरचे पाणी अल्कधर्मी असेल, तर जीएचे विघटन होऊन त्याचा परिणाम घटतो, आणि आम्लधर्मी द्रावणातून ते हिरव्या भागांत अधिक चांगले शोषले जाते.