मदत हवी आहे: मूक वेस्टर्नमधली बिल्लावाली बाई

अमेरिकन मूक वेस्टर्नमधे (काउबॉयपटांमधे) शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, किंवा त्याची डेप्युटी झालेल्या बायका शोधतेय, फिल्म क्लबात छोटं टिपण वाचायचंय. घोडा दौडवणाऱ्या, गोळ्या झाडणाऱ्या नायिका ढिगाने मिळतात, प्रश्न तो नाहीये. 'हॅझर्ड्स ऑफ हेलन' (१९१४-१७, तब्बल ११९ भाग) मधली हेलन धावत्या रेल्वेवर उडी टाकून चोर पकडते, पण नोकरी स्टेशनवर तार पाठवायची. १९१२च्या 'द क्रेव्हन'मधे शेरीफ नवरा भित्रा निघतो आणि बायकोच बंदूक घेऊन जाते, म्हणजे काम हिचं आणि बिल्ला त्याचा, वा रे वा! मला रीतसर नेमलेली हवीये.

खऱ्या आयुष्यात टेक्ससच्या कोलमन काउंटीत एमा बॅनिस्टर शेरीफ झाली ती १९१८ला, तेही शेरीफ नवरा वारल्यावर त्याच्या जागी. म्हणून त्याआधीचेच सिनेमे हवेत, पडद्यावर हे आधी घडलं का ते बघायचंय.

'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या तेव्हाच्या सिनेमा-नियतकालिकाचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, ते चाळले, पण शेरीफ टाकून सर्च केलं की शेरीफची मुलगी, शेरीफची बहीण, शेरीफची प्रेयसी हाच पूर येतो. एका रिळाची फिल्म चालेल, विनोदीपण चालेल, मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या डच असल्या तरी हरकत नाही, फक्त बोलपट नकोत आणि प्रिंट शिल्लक हवी.

तर १९१८च्या आधीची अशी एखादी फिल्म आणि ती बघायला कुठे मिळेल, कोणी सांगेल का?