गाडी चालवता येते असं वाटलं तो दिवस

बाईकचं लायसन मिळून सात महिने झाले होते. मार्गताम्हाणे ते चिपळूण रोजचं जाणं-येणं, त्यामुळे हात चांगला बसलाय असं मीच ठरवून टाकलं होतं. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आणि कोयनानगरला जाऊन येऊ म्हणून एकटाच निघालो. कुंभार्ली घाट चढताना काही नाही. उतरताना डाव्या वळणात समोरून ट्रक आला, तोही त्याच्याच बाजूने. माझा वेग चाळीसच्या आसपास असेल. वळण पुढे कुठे जातंय ते बघायचं सोडून मी ट्रकच्या चाकाकडेच बघत राहिलो, आणि गाडी तिकडेच जायला लागली. मग मागचा ब्रेक पूर्ण दाबला. उन्हाळाभर साचलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते हे ऐकलेलं होतं, पण ते इतरांसाठी असावं. गाडी आडवी होऊन ट्रकच्या पुढच्या चाकापासून हातभरावर थांबली. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून हे लिहितोय.

तो उतरला, गाडी उभी करून दिली आणि तंबाखू मळता मळता विचारलं, "किती महिने झाले गाडी घेऊन?" म्हटलं सात. "हां, बरोबर," म्हणाला आणि गेला.

ते 'बरोबर' आठवडाभर डोक्यात होतं. पहिल्या महिन्यात मी असा पडलो नसतो. तेव्हा वळण दिसलं की पोटात गोळा यायचा आणि हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. तर मंडळी, तुमचा 'बरोबर' कधी आला ते लिहा. सल्ले नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

दापोलीहून

मी नवखी नाहीच असा माझा समज होता, कारण दहा वर्षं स्कूटी चालवलेली. भावाची गिअरची गाडी दोन दिवस मैदानात फिरवली आणि तिसऱ्या दिवशी हर्णैला मासळी आणायला निघाले. आसूदचा उतार ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. समोर अचानक गाय. स्कूटीला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, दहा वर्षांची सवय, मी जीव खाऊन डावी मूठ आवळली. पण इथे डावीकडे क्लच! इंजिनाने जे काही धरून ठेवलं होतं तेही सुटलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट. मी आणखी जोरात आवळली. गाय शहाणी, ती बाजूला झाली. मी जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर.

मनगट प्लास्टरमध्ये, हँडल वाकडं. वहिनीने आधी मला बघितलं, दादाने आधी गाडी. हे मी अजून विसरलेले नाही.

गुहागर तालुका

माझा वेग शून्य होता, तरी पडलो. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीत चढत होतो. मागे मित्र, त्याच्या मांडीवर दोन फणस (काकूने दिलेले, नाही कसं म्हणणार). पुढची रिक्षा अडकली म्हणून लोखंडी फळीवरच थांबावं लागलं. फळीवर चिखल आणि खारं पाणी. पाय टेकला तो सरळ सरकला. गाडी, मी, मित्र आणि एक फणस असे डाव्या अंगाला, दुसरा फणस खाडीत. सगळी बोट बघत होती. तोपर्यंत आरवली ते संगमेश्वर किती मिनिटांत गेलो हे सांगत हिंडायचो मी.

आता धक्क्यावर मागच्याला उतरवतो, चालत ये म्हणतो.

कणकवलीचा चाकरमानी

गणपतीला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, म्हणून मुंबईहून रात्री बाईकवर. चारशेच्या वर किलोमीटर आणि त्याआधी माझा सगळ्यात लांबचा प्रवास होता कर्जत. कशेडी घाट पार केला, चिपळूणला चहा घेतला, झोप येत नव्हती. मला तरी तसंच वाटत होतं. हातखंबा ते पाली हा तुकडा मला आजही आठवत नाही. पडलो नाही. गाडी साइडपट्टीच्या खडीवर उतरली, त्या आवाजाने डोळे उघडले. हातात हँडल, पायाखाली गिअर, वेग साठ, आणि मधली काही मिनिटं कुठे गेली ते कोण सांगणार?

पाली स्टँडवर बॅग डोक्याखाली घेऊन उजाडेपर्यंत झोपलो. घरी आरतीला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, कारण खरं काही सांगितलंच नाही. आता खेडला मावशीकडे मुक्काम करतो. मावशी खूश, उकडीचे मोदक वेगळे.

सावंतवाडी

आंबोलीत माकडां बघूक गेलंय आणि गटारात गेलंय. इतक्याच.

रत्नागिरी, गॅरेजवाला

सल्ला नको म्हणालात म्हणून माझंच सांगतो. नवी पोरं गाडी आणतात तेव्हा मागचा ब्रेक लायनर झिजून गेलेला आणि पुढचे पॅड जवळजवळ कोरे. पुढचा दाबला की गाडी उलटते, असं कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरं काम पुढचाच करतो, हे मी त्यांना रोज सांगायचो. स्वतः मात्र एबीएसवर फिदा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. गिऱ्हाइकाची अशी एक गाडी ट्रायल म्हणून आरेवारेला नेली. वळणावर वाऱ्याने वाळू आणून टाकलेली. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक धरला, म्हटलं एबीएस बघून घेईल. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, ते झालंही नाही. पण वाळूत पकडच नव्हती, आणि ती कुठून आणणार बिचारं? अठरा वर्षं मेकॅनिक असलेला मी, गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, "तुमची टाकी चेपलीय, मीच चेपलीय." टाकीचे पैसे माझ्या खिशातून.

मार्गताम्हाणे (पुन्हा मीच)

अठरा वर्षांनीही येतो म्हणजे हा 'बरोबर'! काल पुन्हा कुंभार्ली उतरत होतो. माझ्यापुढे एक कोरी गाडी, हँडलला सुकलेला झेंडूचा हार. पोरगा प्रत्येक वळणाला गाडी जवळजवळ थांबवत होता. मागचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. मी ओव्हरटेक केलं नाही. पोफळीपर्यंत मधेच राहिलो.