अभियंत्याने या वाटेने जावे का?
अभियंता असलेल्या मुलाने स्वच्छ ऊर्जा आणि शाश्वत वाहतुकीच्या पुरस्कारालाच वाहून घ्यावे का, या आपल्या प्रश्नावर मला गिरीश संत आठवतात. आयआयटी मुंबईत शिकलेल्या संतांनी पुण्यात ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेचा ऊर्जा गट उभारला आणि एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार बारकाईने तपासून, महागड्या विजेचा बोजा अखेर कोणावर पडणार, हे आकड्यांनिशी मांडले. २०१२ मध्ये ते अकाली गेले, ही हळहळ आजही वाटते.

असे हिशेब करणारी माणसे नाशिकलाही हवी आहेत. बिटको चौकात सकाळी सिटीलिंकची बस येते तेव्हा दप्तरे छातीशी धरलेली मुले दारापर्यंत उभी असतात, आणि जवळच एकलहऱ्यात कोळशावर वीज तयार होते. तेव्हा बस विजेवर धावली तरी ती वीज कुठून येणार, हेही आपल्या मुलाने मांडावे.